ध्रुवयानचा पाचवा अंक

शिरूर,
१३ सप्टेंबर २०२५

प्रिय मल्हारदादा,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक. आईचा खोकला जरा हटलाय. झेंडू पावसानं काळा पडला. तुझा गुडघा कसा आहे? दौंडहून शिरूरपर्यंतची एसटी झेपते का? उगीच विचारलं. तू तर तीन वर्षांत इकडे फिरकलाही नाहीस.

फोनवर पुस्तकांचा विषय काढला की तुझी रेंज जाते, म्हणून लिहिते आहे.

पोराला मोबाईलवर ती जुनी ‘ध्रुवयान’ मालिका सापडली. शेवटी यान जळतं आणि ते चालवणारी वेदा मरते. पोरगं हिरमुसलं. मी म्हटलं, अरे, पुस्तकांत ती वाचते. आपण मेंढरांमागे फिरणारी माणसं, टीव्ही कुठला? आपलं ध्रुवयान म्हणजे त्या चित्रकथा आणि त्या जाड कादंबऱ्या. आक्का मेंढरांच्या वाड्यावर कंदिलापाशी वाचायची, आपण ऐकायचो. आबा मेंढराच्या कानाला जशी दुहेरी खाच पाडायचे, तशीच आक्का प्रत्येक पुस्तकाच्या कोपऱ्याला पाडायची. आपल्या कळपातलं आहे म्हणे, चुकलं तर ओळखू येईल.

पोरासाठी म्हणून स्टँडमागच्या नवनाथच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. ध्रुवयानचे पाच अंक होते. पाचांनाही आपली खाच.

तूच सांगितलं होतंस ना, भीमेला अचानक पाणी आलं, आक्का गेली, तिच्या खांद्यावरची पिशवीही गेली? मी सात वर्षांची होते, पलीकडच्या काठावर कोकरं धरून बसलेली. तू एकटाच तिच्याजवळ होतास. परवा फोनवरही तेच म्हणालास, “पाण्यात गेली की गं ती पुस्तकं. किती येळा सांगू?” दादा, या कागदांवर पाण्याचा एक डाग नाही.

तरी मी स्वतःला समजावलं, पिशवी काठावर राहिली असेल. मग पाचवा अंक उघडला. तो छापलाय ब्याण्णव साली. आक्का गेली नव्वदमध्ये. खाच मी पाडलेली नाही. तुला तर कात्री धरता येत नव्हती, आबा त्यावरून तुला किती बोलायचे.

नवनाथला विचारलं, कुणी दिली. तो म्हणाला, “दौंडच्या बाई हायेत एक. वाचलेली देत्यात, दुसरी नेत्यात. भाऊ असतो संगं, गुडघ्यानं लंगडतो. त्यो बाहीरच चहा पीत बसतो.”

पुढचं मी विचारलं नाही. घरी आले आणि भाकरी करपवली.

आता एकेक आठवतं. पितृपक्षात आई आक्काचं पान वाढायला लागली की तू म्हशीचं निमित्त काढून उठायचास. रेल्वेत लागलास तेव्हा दौंडच मागून घेतलंस. आक्काला त्या बिजवराला द्यायचं आबांनी ठरवलं होतं, हेही मला मोठेपणीच कळलं. तू तिला पळायला मदत केली असशील तर शहाणा म्हणेन. पण आबांना जाऊनही बारा वर्षं झाली. मग भीती कुणाची होती? माझी? आईची?

मला फार राग आलाय. आणि रागाच्या तळाशी इतका आनंद आहे की मला झोप लागत नाही. दोन्हींवर विश्वास बसत नाही. तू बोललास तरच बसेल.

आईला यातलं काही बोलले नाही. पुढच्या रविवारी सर्वपित्री आहे. ती आत्ताच म्हणाली, “धुरपीला घारग्या आवडायच्या, गूळ आणून ठिव.” पस्तीस वर्षं ती लेकीचं पान वाढून कावळ्याची वाट बघते. या वर्षी मला गूळ आणवत नाही, आणि का नाही ते सांगताही येत नाही.

रविवारच्या आत ये. एकटा आलास तर मी आईला गूळ आणून देईन आणि पुन्हा कधी विचारणार नाही. पण एकटा येऊ नकोस.

तुम्हा दोघांची धाकटी,
पूनम