बाबांकडे काय आहे, काय नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा "सीना"! सकाळपासून तेवढंच. उशी सरळ केली — सीना. पाणी धरलं — सीना. मेंदूचा झटका आल्यापासून बाबांचं मराठी पार पुसलं गेलंय. उरलंय ते लहानपणी परक्या मुलखात, अंगणातल्या पोरांबरोबर खेळता खेळता शिकलेलं स्वाहिली. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी." त्यांचं काय जातं!

फोनवर शिकवणी लावली. बाई तिकडेच वाढलेल्या, मराठी छान बोलतात. पहिला धडा: नीना — माझ्याकडे आहे. सीना — माझ्याकडे नाही. ऊना — तुझ्याकडे आहे. भूक, तहान, दुखणं, सगळं यातच बसतं. म्हणजे बाबा दिवसभर मला सांगत होते, माझ्याकडे नाही. काय नाही?

५, गुरुवार
प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासताना मी तोच धडा पुटपुटत होते. शेजारची म्हणाली, "काय गं, जप लावलायस?" घरी येऊन सूपची वाटी धरली आणि म्हटलं, "नीना न्जा." बाबांनी चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि डाव्या हाताने मलाच भरवायला लागले! मग कळलं — "भूक आहे का" विचारायचं सोडून मी "मला भूक लागलीये" म्हणत होते. मी हसले. मग रडले. सूप मीच संपवलं.

८, रविवार
दादा येऊन गेला. "अगं, झिजतेयस तू. त्यांना कळतंय का तू कोण ते? मग इथे काय आणि केअर सेंटरमध्ये काय!" शनिवारी गाडी पाठवतो म्हणाला. मी ओरडले — ओळखतात ते मला! "मग त्यांच्याकडून वदवून दाखव. गाडी रद्द करतो." वाईट नाही तो. बाबांचा हात बराच वेळ धरून बसला होता. पण मी "ओळखतात" म्हणाले ते खरं होतं म्हणून, की हवं होतं म्हणून?

१०, मंगळवार
विचारलं. "ऊना वातोतो?" — तुम्हाला मुलं आहेत?
माझ्याकडे नीट बघून, अगदी सभ्यपणे: "सीना."

११
दादाला सांगायला हवं. सांगितलं नाही. खोटं बोलले नाही — पण हे तरी वेगळं कुठे आहे?

१२, गुरुवार
शेवटी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, चुकलं कुठे त्यांचं? त्या भाषेत त्यांना मुलं कधी झालीच नाहीत. ती भाषा सुटली तेव्हा तेच केवढेसे होते!"
म्हणजे त्या खोलीत एक लहान मुलगा पडून आहे आणि मी त्याला विचारतेय, मुलं आहेत का! त्याच्या लेखी मी अजून जन्मायचीच आहे. मग ओळखणार कशाने?

१३, शुक्रवार
"ऊना मामा?" मामा म्हणजे आई. बाबा मात्र तिकडेही बाबाच. बाबांचा चेहरा उजळला. "नीना!" आणि दाराकडे बघत बसले. दुपारभर. आजी जाऊन किती वर्षं झाली! अंधारून आलं तशी तोंड वाकडं करून रडू लागले. काय करून बसले मी! पुढचे शब्द मला येत नाहीत. उद्या गाडी.

१४, शनिवार
बाबांचे कपडे बॅगेत भरताना रडू आवरेना. त्यांनी हात धरून मला जवळ बसवलं. हळूच विचारलं, "ऊना बाबा?"
"नीना," म्हटलं.
त्यांचा जीव भांड्यात पडला.
दादाला फोन केला. नाही ओळखत ते मला, म्हटलं. तरी गाडी रद्द कर.