रिकाम्या घरातले हिरवे कोंब

लाडक्या नुहादला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. खोकला आहे, पण तो बैरूतहूनच आणलेला. मॉन्ट्रियलच्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे?

आईचं डोंगरातलं घर विकण्याआधी एक नाताळ तिथे काढावा म्हणून आले, तर मागे बर्फाने रस्ताच बंद! चरफडत कुलूप उघडलं. आत उंदीर असणार, ही खात्री. पण कोनाड्यात आईचा येशूजन्माचा गोठा मांडलेला, आणि भोवती कापसावर उगवलेले गव्हाचे कोंब. मी दारातच थबकले.

शेजारची उम्म तन्नूस मागून आली, आईने दिलेली किल्ली कमरेला. आई गेल्यापासून दर वर्षी नाताळाआधी, संत बार्बराच्या सणाला, ती इथे येऊन गहू पेरते म्हणे.

"रिकाम्या घरात कुणासाठी गं हा खटाटोप?" मी खेकसले.

"घर रिकामं म्हणून बाळ जन्मायचं थांबतं होय? बाळाच्या जन्माची खीर आणलीय. बस, गप खा!"

नुहाद, मी बसले आणि वाटी चाटूनपुसून संपवली. बाहेर अख्खा डोंगर पांढरा, आणि आत ते बोटभर हिरवं.

विक्रीच्या कागदावर मी सही करणार नाही. तूही करू नकोस. थांबते, गव्हावर पाणी शिंपडायचं आहे.

तुझी,
ओडेट