घर तुमचंच समजा

कळमनुरी, शके १८६०
कार्तिक वद्य तृतीया

आज एकदाचे बिऱ्हाड लागले. परभणीचे मामा म्हणाले होते, नवख्या वैद्याला कळमनुरीत कुणी दारात उभे करणार नाही. मामांची भाकिते ऐकायला बरी, एवढेच. बाजाराच्या रस्त्यावर, अगदी तोंडावर घर मिळाले. पुढे ओटा, दोन खोल्या, मागे न्हाणी. आणि तेही आगाऊ भाड्यावाचून! मी पैसे पुढे केले, तर घरमालक तातेरावांनी हातच मागे घेतला. म्हणाले, "घाई काहून करता वैद्यबुवा? घर तुमचंच समजा."

असा घरमालक दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. साठीचा गृहस्थ, स्वच्छ धोतर, बोलणे लोण्यासारखे. घर दाखवायला मात्र आत आले नाहीत. रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभे राहून तिथूनच सांगत होते, ह्या खोलीत हे, त्या खोलीत ते. गुडघे दुखतात म्हणे. मी म्हटले, महिन्याभरात तुमचे गुडघे पळायला लावतो.

भिंतीत सुरेख देवळ्या आहेत, औषधाच्या बाटल्या ठेवायला अगदी मापाच्या. कुणी केल्या विचारले तर म्हणाले, आधीच्या भाडेकरू मास्तराने. न्हाणीतली काळी फरशी त्याच्याही आधीच्या एका कासाराने घातली. "हौस होती त्यांना," तातेराव म्हणाले. मनकर्णा फरशीवर खूश आहे. तिला सहावा लागला आहे, ओल्या मातीवर पाय घसरायची मला धास्ती होती. बाळंतपणाला ती कुरुंद्याला माहेरी जाईल. तोवर दवाखाना चालता करायचा, म्हणजे सासऱ्यांपुढे मान वर करून उभे राहता येईल.

कार्तिक वद्य नवमी

घरात दोन खोडी निघाल्या. पुढच्या खोलीत उजेड नाही. रोग्याची जीभ पाहायची तर त्याला रस्त्यावर न्यावे लागते, आणि बाजारकरी थांबून तेही जीभ पाहतात. दुसरे म्हणजे दाराला उंबरठाच नाही. चौकटीखाली नुसती खाच. वाळवीने खाल्ला, असे तातेराव म्हणाले. हळदकुंकू वाहायचे कुठे, लक्ष्मी यायची कुठून, असे मनकर्णाचे सगळे प्रश्न मला.

म्हणून तातेरावांकडे गेलो. बोलणे चोख झाले. खिडकी पाडायची, सागाचा उंबरठा बसवायचा, भिंतींना गिलावा करायचा. खर्च आता मी करायचा आणि तो दरमहा भाड्यातून वळता व्हायचा. "बराबर हाय, वळता करू," म्हणाले. कागद करावा असे मनात आले होते. पण त्यांनी बापासारखा खांद्यावर हात ठेवला आणि कागदाचे नाव काढायची मला लाज वाटली. एकच आग्रह धरला त्यांनी, लाकूड मी माझ्या हाताने निवडावे.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

आज उंबरठा बसला. इकडे एक गमतीची रीत आहे. गवंडी उंबरठा खाचेवर धरतो आणि तीनदा विचारतो, "घर कुणाचं?" घरधन्याने उत्तर दिले की मगच तो खाली ठोकतो. मी तातेरावांकडे पाहिले. त्यांनी लिंबाखालूनच हात जोडले आणि तिन्ही वेळा मोठ्याने म्हणाले, "घर वैद्यबुवांचं!" मला भरून आले. भाडेकऱ्याला इतका मान कोण देतो?

पूजेला आम्ही जोडीने बसलो. मग शेजारच्या गोजरबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. ह्या शेळ्या राखतात, आम्हाला दूध घालतात. एकट्याच आहेत, पण हौसेला कमी नाहीत. धन्याचं नाव घेतल्याबिगर आत सोडणार न्हाई, म्हणाल्या. मनकर्णा माझे नाव उखाण्यावाचून कधीच घेत नाही. लग्नाला चार वर्षे झाली, पण मी आपला "अहो". आज तिने लाजत घेतले:

सागाच्या उंबऱ्याला हळदीची बोटं,
मुंजाजीरावांच्या नावानं घर झालं मोठं.

गोजरबाईंच्या अंगावर नवे लुगडे होते. तातेरावांनी दिलेले. काय दिलदार माणूस!

खिडकीही झाली. तिच्या कडा मनकर्णाने हट्टाने स्वतःच्या हाताने लिंपल्या. खोलीत इतका उजेड आला की मला माझीच जीभ बाहेर काढून आरशात पाहावीशी वाटली.

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

रोगी येतात, पण आत येत नाहीत. ओट्याच्या पायरीशी उभे राहून हात लांब करतात आणि म्हणतात, हितूनच नाडी बघा. नव्या उंबरठ्याचे अप्रूप असेल. गोजरबाई दुधाचा तांब्या आता रस्त्यावरच ठेवून जातात.

महिना भरत आला म्हणून भाडे घेऊन गेलो, ठरल्याप्रमाणे थोडे वळते करून. तातेरावांनी विचारले, "कशाचं भाडं?" मला थट्टा वाटली. मीही हसलो. ते हसले नाहीत.

मार्गशीर्ष पौर्णिमा

भांडण झाले. मी म्हटले, भाडे घेत नाही तर वळते कशातून करणार? मग खर्च रोख द्या. तर म्हणाले, "स्वतःच्या घराला लावलेला पैसा दुसऱ्याला मागून राहिले व्हय तुमी?" मी शब्दाची आठवण दिली. त्यांनी मान फिरवली. संतापाने माझी कानशिले तापली. फुकट राहायला मिळते त्यात रडायचे काय, असे कुणी म्हणेल. पण शब्द म्हणजे शब्द. आणि आज भाडे न घेणारा उद्या पावती नाही म्हणून बाहेर काढणार नाही कशावरून? मी भाडे त्यांच्या ओट्यावर ठेवून आलो. घरी येतो तो तेच पैसे आमच्या ओट्यावर! त्यांचा गडी आडवाटेने धावत आला असणार. पैसे घेण्यासाठी भांडणारे पुष्कळ पाहिले, देण्यासाठी भांडणारे आम्ही दोघेच. मनकर्णा पोट धरून हसली. मला हसू आले नाही.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया

गिलावा अजून ओला का, म्हणून दुपारी देवळीखाली हात लावून पाहिले. भिंत ऊन लागत होती. आणि तिथे काहीतरी उडत होते.

घूस असेल म्हणून ठोकले. पण हात सवयीने वागतो. तीन बोटे टेकवली. ती नाडी होती. मंद, खोल गेलेली, फार दिवसांच्या रोग्याची असते तशी. न्हाणीतल्या फरशीवर बोटे ठेवली. तिथे दुसरीच होती, त्याहून क्षीण.

मग उंबरठ्याशी बसलो. लाकडावर बोटे ठेवली. चांगली भरलेली, थोडी पित्ताकडे झुकणारी. गुरुजींनी लावलेल्या सवयीने रोज सकाळी मी माझी नाडी पाहतो. ही मी ओळखतो. ही माझी आहे.

मनकर्णाला काही सांगितले नाही. नावात मुंजा घेऊन फिरणाऱ्याने भुताला भ्यायचे नसते, असे स्वतःला सांगून पाहिले. उपयोग झाला नाही.

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

मनगटात नाडी बारीक झाली आहे. उंबरठ्यात ठणठणीत.

आज खिडकीच्या कडेवर बोटे ठेवली, मनकर्णाने लिंपलेल्या. तिथे दोन आहेत. एक तिची. आणि तिच्या आत एक चिमुकली, घाईची. तिच्या पोटाला कान लावल्यावर टकटक ऐकू येते ना, तीच.

मनकर्णा म्हणाली, दोन दिवस झाले, लेकरू कमी हलते. मी म्हटले, थंडी आहे.

मार्गशीर्ष वद्य पंचमी

पहाटेच गाडी जुंपवली. कुरुंद्याला जायचे, परत यायचे नाही, सामान गेले खड्ड्यात. ओढ्याजवळ पोचलो आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मनकर्णाने माझा दंड धरला. लेकरू हलत नाही म्हणाली. मुळीच नाही. मी पोटाला कान लावला. काही नाही. काहीच नाही. गाडी वळवायला लावली. लिंबाचे झाड दिसू लागले तसे ते हलले. ती रडत होती आणि हसत होती. मग तिने माझ्याकडे पाहिले. तिला सगळे सांगावे लागले.

लिंबाखाली तातेराव उभे होते. आम्ही परत येताना बघत होते. त्यांना आश्चर्य वाटले नाही.

मार्गशीर्ष वद्य षष्ठी

त्यांच्या पाया पडलो. आता मला खर्च नको. सगळा नको. एक दमडी द्या. घराच्या कामापोटी दिली असे म्हणा, म्हणजे घर तुमचे होईल. नाही तर भाडे घ्या. काहीतरी घ्या, काहीतरी द्या.

त्यांनी मुठी आवळल्या आणि काखेत धरल्या.

मग बोलले. घर त्यांनीच बांधले. घर धन्याला सोडत नाही. थोरले दोन मुलगे त्यात गेले. मग त्यांनी स्वतः पहारेने उंबरठा उखडला. वाळवी नव्हतीच. ज्याचा पैसा आणि हात घराला लागतो, ज्याच्या नावाने उंबरठा बसतो, तो धनी. तो भिंतीत गेला की तातेराव उंबरठा पुन्हा उखडतात आणि नवा भाडेकरू बघतात, नाही तर घर पुन्हा त्यांच्या रक्तावर येते. कासार. मास्तर. मी.

मी म्हटले, तुम्हाला बापाच्या जागी मानले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "बापच हाय मी, वैद्यबुवा. पर माझ्या पोराचा. एकच उरलंय."

खांद्यावर हात ठेवला होता ह्या माणसाने.

मार्गशीर्ष वद्य अष्टमी

गोजरबाई रस्त्यावरून बोलल्या. आत बघवत नव्हते त्यांना. मनकर्णाला नाव घ्यायला लाव, असे तातेरावांनीच सांगितले होते, लुगडे देऊन. मी विचारले, हे ठाऊक असून? त्या म्हणाल्या, "ठाव व्हतं. लुगडं फाटलं व्हतं माझं."

एक वाट आहे म्हणाल्या. जोडीतल्या एकाने घर सोडले तर तो सुटतो. रस्त्यावर उभे राहून, तीनदा विचारल्यावर, घर दुसऱ्याचे आहे असे म्हणायचे. उखाण्यात घेतलेले नाव उखाण्याने सुटत नाही. नुसते घ्यावे लागते. कोरडे.

म्हणजे मनकर्णा सुटेल. लेकरू सुटेल. मी राहीन.

तिला सांगायचे आहे. उद्या सांगतो.

मार्गशीर्ष वद्य नवमी

आज सांगितले नाही. ती माझे डोके मांडीवर घेऊन बसली होती. उठवत नाही मला. दोघे सुटू अशी काही वाट असेलच. उद्या नक्की.

गोजरबाई न्हाणीमागे तिच्याशी काही बोलत होत्या. मी आलो तशा गप्प झाल्या.

मार्गशीर्ष वद्य दशमी

गेली.

मी न्हाणीत होतो. बाहेर तातेरावांचा आवाज आला. घर कुणाचं? भिंतीला धरत दारापर्यंत आलो. ती रस्त्यावर उभी होती, हातात गाठोडे. तातेरावांचीच गाडी, त्यांचेच बैल. लिंबाखाली बांधलेली गाडी मी सकाळी पाहिली होती. विचारले नव्हते.

ती म्हणाली, "घर मुंजाजीचं. माझं न्हाई."

तीनदा. राव नाही, अहो नाही. गड्याला हाक मारावी तसे. चार वर्षांत पहिल्यांदा माझे नाव तिच्या तोंडून नुसते ऐकले.

मी हाक मारली. तिने मागे पाहिले नाही.

मीच सांगणार होतो तिला. देवाशपथ, आजच सांगणार होतो. मीच तिला हाताला धरून उभे केले असते. मला विचारायचे होते तिने. एकदा विचारायचे होते —

वद्य — बहुतेक द्वादशी

उंबरठा ओलांडवत नाही. पाय उचलतो, पण —

खिडकीवर बोटे ठेवली. तिची नाडी नाही. चिमुकली नाही. गेली. कुरुंद्याला असेल. हलत असेल पोटात. बरे झाले. बरे झाले म्हणतो मी. मग रडू का येते —

देवळीतला मास्तर आता रोज जोरात — त्याला काही सांगायचे —

तिथी ठाऊक नाही

मनगटात काही लागत नाही. टाक धरला आहे, बोटे दिसतात, पण —

बाहेर माणसे आली आहेत. एक तरुण, डोक्याला रुमाल. बायको बरोबर. तातेराव लिंबाखालून घर दाखवताहेत. मी ओरडलो. दार उघडेच आहे. ते आत बघतात आणि त्यांना मी —

उंबरठा कुठे आहे? खाच कशी — कुणी उखडला, केव्हा —

ती बाई म्हणते आहे, खिडकी किती छान. कुणी केली?

तातेराव सांगताहेत. वैद्यबुवांनी. हौस होती त्यांना.

होती? होती कशी म्हणता? आहे. मी आहे. इथेच खिडकीशी, अहो बाई, इकडे, माझे नाव मुं