पुराचा काठ

१२ जून २०२४
नदीकाठचा कॅम्प, आसाम

दादा,

जयभीम. पण मी पळून आलो नाही, हे तुले कितीदा सांगू? धानात काही उरत नाही, हे तूच म्हणे. आता कामावर आलो तं तूच लिहून पाठवतं, की रोवण्याले नाही आला तं या घरात पाय ठेवू नको.

तुहं पत्र बाजाराच्या होडीनं भेटलं. इथं फोन लागत नाही. आई बरी असन. तुही पोरगी तृप्ती शाळेत जाते ना?

काय काम करतो म्हणून विचारलं तू. आमी नदीचा अन् तिच्या दलदलीचा नकाशा काढून राहिलो. मी खांब धरून उभा राहतो, त्याच्या टोकावर यंत्र असते. थोडा हललो का साहेब म्हणतात, "अश्वजित, श्वास तरी हळू घे." इथं गवत पाण्यावर तरंगते, दादा. वारा आला का अख्खं बेट सरकते, वर बसलेल्या बगळ्यासकट. मी विचारलं, "हे कागदावर कुठं काढाचं?" साहेब म्हणाले, "काढायचंच नाही." तरी मी त्या बेटाकडंच पाहत राहतो.

ठेकेदाराच्या मुनशीनं शहरातून फोन करून तुले सांगितलं असन तं खरं आहे. मी पडलो होतो. पाण्यात हिरवी लांब पट्टी दिसली, मले वाटलं शेताचा धुरा. धुऱ्यावरूनच तं पळत मोठे झालो आपण. पाय टाकला अन् छातीपर्यंत आत. खांब आडवा पडला, त्याले लटकलो. नावाड्यानं केसं धरून ओढलं, म्हणाला, "खेत समझा क्या?" सगळे हसले, मीही हसलो. पण संध्याकाळपर्यंत जेवणाचा घास तोंडात जाईना. आईले सांगू नको.

तरी काहून थांबतं, म्हणशीन. नकाशात या नदीले दोन काठ काढतात. उन्हाळ्याचा काठ काढून झाला. दुसरा पुराचा, तो पाणी चढल्यावर. मी जिथं जिथं उभा राहिलो त्या जागा बुडतीन. पाणी कुठवर येते, हे साहेबालेही माहीत नाही. मले ते पाहाचं आहे. पुरापर्यंत थांबाले साहेबाले मी हो म्हटलं, तुले विचाराच्या आधी.

पऱ्ह्यातली रोपं काढाले माह्या जागी शेजारच्या निकेशले घे. रोवाले दोन बाया जास्त लाव, तलावाखालच्या धानाच्या बांधीले लागतात. राग राहू दे, पण हे पैसे वापस करू नको.

तुहा,
अश्वजित

मुनशीच्या हातून तुह्या खात्यात टाकून राहिलो, नऊ हजार रुपये.