दहा सेकंदांची मुदत

३ जून
तळोद्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागून दोन महिने झाले. आज शेठनी पहिल्यांदा सर्व्हर माझ्या हाती दिला. "बी.एस्सी. शेस ना? मंग दखाड करीसन." मुलींच्या वसतिगृहाची साइट आता माझी. पहाडातल्या मुलींना प्रवेशाच्या अर्जासाठी जीपने खाली यायला नको. घरी सांगितलं. आईला वाटलं, सर्व्हर म्हणजे गाडी. "ब्रेक शेत ना तिले?"

९ जून
साइट रांगते. व.गृहाच्या मॅडमचा फोन आला. शेठ गिऱ्हाइकांसमोर: "त्या पदवीनं लोणचं घाल." मी रडले नाही.
हळू रेंजवाले फोन जागा अडवून बसतात, बाकीचे तिष्ठतात. व्हिडिओत उपाय सापडला. दहा सेकंदांत माहिती पूर्ण आली नाही तर जोडणी तोडायची. एकच ओळ लिहायची.

१० जून
साइट पळते! मॅडम खूश. शेठनी माझ्यासाठी चहा मागवला.

२१ जून
निवडयादी लागली. शहादा, तळोदा, खापर. वर पहाडातल्या मोलगीकडची एकही नाही. मॅडम म्हणाल्या, "त्यांना शिकायचंच नसतं गं." मी मान हलवली. हलवली, हे इथे लिहून ठेवते.

२३ जून
लॉग उघडला. कोण आलं, काय झालं, सर्व्हर सगळं टिपून ठेवतो. 'मुदत संपली', 'मुदत संपली', पानंच्या पानं. नाव-गाव पोचायचं, फोटो आणि गुणपत्रक चढता चढता दहा सेकंद संपायचे. मोलगीजवळची एक जमुना. चार दिवसांत सदतीस वेळा.
तिकडे टेकडी चढल्याशिवाय रेंज नाही. मला माहीत होतं.
शेठना दाखवलं. "मंग? ती ओळ काढी टाक. लॉग बी पुसी टाक. तुन्हं काम शे ते, मन्हं नई."

२६ जून
साइटखाली दुकानाचा पत्ता आहे. जमुना आणि तिचा बाप विचारत आले. बाप म्हणाला, "ताई, ही बोलते फॉर्म भरला. रोज टेकडीवर जायची. कोणाला भेटायची काय माहीत. तुम्ही बघून सांगा."
शेठ माझ्याकडे बघत होते. मी पूर्ण अर्जांची यादी उघडली. मीच म्हणाले, "यात नाव नाही."
खोटं नव्हतं.
बापाने तिथेच तिच्या कानाखाली वाजवली. "आता शाळा बंद. सुरतला चल कामाला." ती रडली नाही. माझ्या स्क्रीनकडे बघत राहिली. मी स्क्रीन थोडी वळवली. का, ते

२७ जून
शेठ: "व्हयनं का ते काम?"
"हो."
लॉग पुसलेला नाही. पेनड्राइव्हवर घेतला, आईच्या मिरचीच्या डब्यात ठेवला. मॅडमना मेल लिहिली. पहिलंच वाक्य, चूक माझी. पाठवलेली नाही. आधी जमुनाला सांगू, असं ठरवलं. अर्धवट अर्जात तिचा नंबर आहे.
सकाळपासून सात वेळा लावला. संपर्कक्षेत्राबाहेर.
टेकडीवर तिला आता कोण जाऊ देईल.