कडी आणि गाणं

प्रिय ताई,

पाण्याला जाताना तू मला घरात ठेवून बाहेरून कडी लावायचीस आणि नळापर्यंत मोठ्यानं, बेसूर गात जायचीस, आठवतं? तुझा आवाज येई तोवर मी रडत नसे.

आज तक्रार आली म्हणून आमच्या समाजकल्याण ऑफिसातून एका विसरभोळ्या आजींच्या घरी तपासणीला गेले. लेक कामावर जाताना बाहेरून कडी लावते.

"भीती नाही वाटत, आजी?" मी खिडकीतून विचारलं.

"वाटते ना! पण जिना उतरेपर्यंत गाते की ती."

आग लागली तर काय, म्हणून अहवालात कडी लिहिली. आजींना आता वृद्धाश्रमात हलवतील. गाण्यासाठी रकानाच नव्हता गं. म्हणून, तू आता या जगात नाहीस तरी, तुलाच लिहितेय.

तुझी,
ठमी