आईचा डावा हात

सामोसिर बेट, सुमात्रा, ९ ऑगस्ट १९८८

ती. मारुदुतदादास,
धाकट्या बहिणीचा सलाम, वि. वि.

तू मेदानला सुखरूप पोचलास हे कळलं. इथे अजून पातेली घासणं चालू आहे. रिवाजाप्रमाणे तू आईची हाडं वर काढून बाबांच्या शेजारी नव्या कबरीत ठेवलीस, मुलगा असावा तर असा, असं सगळं गाव म्हणतंय. आमचे हे मात्र म्हणतात, मेहुण्यांचा, म्हणजे तुझा, उपदेश डुकराचं मटण थंड होईपर्यंत चालला.

एक विचारायचं होतं. हाडं हळदीच्या पाण्यानं मी धुतली. आई जिन्यावरून पडली तेव्हा तिचा डावा हात मोडून वाकडा जुळला होता. त्याला रोज तेल मीच लावायचे. मी धुतलेल्या हाडांत दोन्ही हात सरळ होते. चारचौघांत बोलले नाही. आईला पुरलं तेव्हा मी बाळंतीण होते, नंतरही तिकडे जाणं झालं नाही, मला जागा ठाऊक नव्हती. मामा पलीकडची कबर दाखवत होते, पण तू म्हणालास, मुलाला आईची कबर कळणार नाही तर कोणाला.

तू चर्चमध्ये शिकवतोस, म्हणून विचारते. आई आता कुठे आहे? शेवटचा कर्णा वाजेल तेव्हा बाबा उठून शेजारी पाहतील आणि त्यांना कोण दिसेल? परक्या बाईपुढे जन्मभर मान वर न केलेला माणूस. हसू येतं आणि मग रडू येतं.

माया आहे, तशीच राहू दे.
तुझी तिऊर्मा

मेदान, २० ऑगस्ट

चि. सौ. तिऊर्मा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीचा खोकला कमी आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शास्त्रात स्पष्ट आहे. माती मातीला मिळते आणि आत्मा ज्यानं दिला त्याच्याकडे परत जातो. वधस्तंभावरच्या चोराला प्रभूनं त्याच दिवशी सुखलोक देऊ केला, हाडांची चौकशी केली नाही. आई प्रभूजवळ आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी कोण कुठे पुरलंय ते देवाला शोधावं लागणार नाही. तेव्हा जीव जाळू नकोस. बारा वर्षांत हाडांचा आकार बदलतोही.

आठवण ठेवावी.
मारुदुत

सामोसिर, ३१ ऑगस्ट

ती. दादास सलाम, वि. वि.

तू लिहिलेलं पाळकांनाही विचारलं. ते म्हणाले, अक्षर न् अक्षर बरोबर आहे. मग एवढंच सांग, हाडं नुसती माती, तर तीनशे माणसांचा स्वयंपाक आम्ही कशाला केला?

परवा बुंगारियाकाकूंची मुलगी फुलं घेऊन आली होती. मळ्यात तिच्या आईच्या कबरीच्या जागी आपण खणलेला खड्डा पाहून तशीच माझ्या दारात आली. मी तिला कॉफी दिली आणि म्हटलं, मला काही माहीत नाही. ती कॉफी न पिताच गेली. दादा, मी देवाबद्दल विचारलं होतं, तसं तुझ्याबद्दलही विचारलं होतं. तेवढं उत्तर राहिलं.

रागावू नये, ही विनंती.
तिऊर्मा

मेदान, १२ सप्टेंबर

चि. तिऊर्मा हिस आशीर्वाद. ते देण्याचा मला किती हक्क आहे, ठाऊक नाही.

मला आईची कबर माहीत नव्हती. ती गेली तेव्हा माझ्या शाळेत मुलांच्या परीक्षा आहेत असं मी कळवलं होतं. परीक्षा आठवड्यानं होत्या. भावांत मोठा असून पुरायला आलो नाही, आणि मग तिला पुरलं त्या मळ्याकडे जायचीच लाज वाटू लागली. बारा वर्षांत एकदाही गेलो नाही. क्रूस कुजून गेले होते. सगळे माझ्या बोटाकडे पाहत होते, म्हणून बोट दाखवलं. मामांना बरोबर ठाऊक होतं. त्यांना मी सर्वांसमोर गप्प केलं.

तुला लिहिलेलं वचन खोटं नाही. आई जिथे आहे तिथे तिला काही कमी पडलेलं नाही, यावर माझा आजही विश्वास आहे. पण मी ते तुझ्या समाधानासाठी लिहिलं नव्हतं, स्वतःला झाकायला लिहिलं. हाडांचा आकार बदलतो हे तर मी बनवलं.

मामांना पत्र टाकलं आहे. बुंगारियाकाकूंच्या मुलीकडे आधी जाईन, मग पाळकांकडे. काकूंना त्यांच्या जागी आणि आईला बाबांजवळ नेऊ. गावी आलो की त्या रविवारी तिथल्या चर्चमध्ये उपासनेआधी उभा राहून सगळ्यांना सांगणार आहे. वर्गात तीस वर्षं बोललो, पण हे कसं बोलायचं ते समजत नाही. तू पुढच्या बाकावर बस. मधेच थांबलो तर पुढचं तू सांग.

जमलं तर पूर्वीइतकीच माया असू द्यावी.
तुझा भाऊ
मारुदुत